डिस्नीच्या दोन-तीन रात्रींच्या ट्रिपांसाठी टाइमशेअर: डीव्हीसी (डिस्नीचा स्वतःचा टाइमशेअर) घ्यावं का, आणि कुठलं

आधीच सांगते, वर्षातनं एकदा आठवडाभर जाऊन येणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये. आम्ही राहतो जॉर्जियात, डिस्नी वर्ल्ड आहे ते ऑरलँडो गाडीने सहा-सात तास, आणि आमची पद्धत अशी की शाळेला सोमवारची सुट्टी जोडून आली किंवा नवऱ्याचं काम लॅपटॉपवर भागण्यासारखं असलं की बॅगा भरायच्या आणि निघायचं. दोन रात्री, फार तर तीन. एका ट्रिपमध्ये चारही पार्क उरकायचा हट्ट नाही, या वेळी एपकॉट, पुढच्या वेळी मॅजिक किंगडम, पाऊस आला तर परत रूमवर. अशा जाण्या-येण्यासाठी टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी राहायचा हक्क आधीच विकत घेऊन ठेवणं, बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं की सगळी माहिती एकतर मोठ्या कुटुंबाच्या मोठ्या सुट्टीसाठी लिहिलेली, नाहीतर "टाइमशेअर म्हणजे फसवणूक, पळा" एवढंच. दोन रात्रींवाल्यांचं कोणी बोलतच नाही, म्हणून हे लिहितेय.

ऑरलँडोत टाइमशेअरला काही तोटा नाहीये. मॅरियट, हिल्टन, विंडम, सगळ्यांची मोठमोठी रिसॉर्ट्स आहेत, विंडमचं बॉनेट क्रीक तर तीन बाजूंनी डिस्नीच्या जमिनीने वेढलेलं आहे. रूम्स खरंच मोठ्या, पूर्ण किचन, वॉशर-ड्रायर, पैसेही डिस्नीपेक्षा कमी, त्यामुळे आठवडाभर आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर मी डोळे झाकून तिकडे जाईन. पण दोन रात्रींसाठी मला टू-बेडरूम काय करायचंय, सकाळी सातला बाहेर पडायचं आणि रात्री दहाला येऊन झोपायचं. जुने काँट्रॅक्ट तर आठवड्याच्या हिशोबाने असतात, तुमचा एक आठवडा, शनिवार ते शनिवार, तो तोडून तीन वेळा वापरायची सोय सगळीकडे नसते. वर रोज गाडी काढा, पार्किंगचे पैसे भरा, पार्किंगमधनं गेटपर्यंत जा. आठवड्याच्या ट्रिपमध्ये हे खपून जातं पण दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये सकाळचा एक तास असा गेला तर जीव हळहळतो.

टाइमशेअर विकणाऱ्यांच्या प्रेझेंटेशनबद्दल दोन शब्द, कारण ऑरलँडोत हे टळत नाही. मॉलमध्ये एका स्टॉलवर स्वस्त तिकिटांचं आमिष होतं, एका मोठ्या कंपनीचं, नाव घेत नाही, नव्वद मिनिटं म्हणाले आणि बसवून ठेवलं अर्धा दिवस. आधी एक गोड माणूस, मग त्याचा मॅनेजर, मग मॅनेजरचा मॅनेजर, प्रत्येकजण कोऱ्या कागदावर उलट्या बाजूने आकडे लिहिणार (समोरच्याला सरळ दिसावे म्हणून, काय सराव असेल!), आणि आम्ही नाही म्हटलं की आकडा खाली. शेवटचा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होता, म्हणजे पहिला किती खरा होता ते तुम्हीच ठरवा. फ्लोरिडात टाइमशेअरवर सही केली तरी १० दिवसांच्या आत लेखी कळवून रद्द करता येतं, हा कायदा आहे, आणि "आजच्या आज" म्हणणाऱ्या कोणाच्याही समोर बसण्याआधी हे डोक्यात असू द्या.

आता डीव्हीसी, म्हणजे डिस्नी व्हेकेशन क्लब. १९९१ साली सुरू झालं, पहिलं रिसॉर्ट म्हणजे आताचं ओल्ड की वेस्ट. तुम्ही एका रिसॉर्टचे, म्हणजे तुमच्या होम रिसॉर्टचे, ठरावीक पॉइंट घेता, ते दरवर्षी येतात आणि प्रत्येक रूमला प्रत्येक रात्रीचे पॉइंट ठरलेले असतात. रविवार ते गुरुवार कमी, शुक्रवार-शनिवार जास्त. आमच्या कामाची गोष्ट म्हणजे कमीत कमी अमुक रात्री असं बंधन नाही, एक रात्र पाहिजे तर एक घ्या. आठवड्याची अट नाही, कुठल्या वारी चेक-इन करायचं त्याची अट नाही. छोट्या ट्रिपवाल्यांसाठी बाकीची सगळी चर्चा यानंतर.

आणि डिस्नीच्या हॉटेलात राहिल्याचे जे फायदे आहेत ना ते छोट्या ट्रिपला प्रमाणाबाहेर मिळतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात, आणि हे चेक-इनच्या दिवशीही चालतं आणि चेक-आउटच्या दिवशीही. म्हणजे दोन रात्री राहिलात तर तीन सकाळी मिळाल्या. डीव्हीसीची जवळपास सगळी रिसॉर्ट्स डीलक्स गटात मोडतात, त्यामुळे ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर आणखी दोन तास थांबता येतं, तेसुद्धा याच हिशोबाने. गर्दी निघून गेलेली असते, ज्या राइडला दुपारी तास-सव्वा तास लाइन होती तिथे दहा-पंधरा मिनिटांत आत. रूम चार वाजता मिळते आणि अकराला सोडायची असते, पण सामान बेल सर्व्हिसकडे टाका आणि सुटा, स्विमिंग पूलसुद्धा चेक-इनच्या आधी आणि चेक-आउटनंतर त्या दिवशी वापरता येतो. आम्ही परतीच्या दिवशी पार्क करून, पूलवर मुलांना दमवून, तिथेच शॉवर घेऊन संध्याकाळी गाडीत बसतो, मुलं जॉर्जियाची बॉर्डर यायच्या आत गाढ.

आता कटकट कुठे आहे ते. छोट्या ट्रिपा करणारे लोक साधारणपणे आयत्या वेळी ठरवतात आणि डीव्हीसी हा आयत्या वेळचा खेळच नाहीये. होम रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, बाकीच्यांचं ७ महिने आधी. लोक ११ महिने आधी सकाळी फोन हातात घेऊन बसलेले असतात. बोर्डवॉक रिसॉर्टचा स्टँडर्ड व्ह्यूचा स्टुडिओ (म्हणजे एका खोलीची रूम) किंवा अ‍ॅनिमल किंगडम लॉजचा व्हॅल्यू स्टुडिओ, या कमी पॉइंटच्या आणि मोजक्याच असलेल्या रूम्स तर उघडल्या उघडल्या गायब. त्यासाठी लोक वॉकिंग करतात, म्हणजे हवी त्याच्या कितीतरी आधीची तारीख बुक करून ठेवायची आणि रोज एकेक दिवस पुढे सरकवत हव्या तारखेला आणायची. नियमात बसतं, मला व्यक्तिशः आवडत नाही, पण डिसेंबरमध्ये जागा का मिळत नाही याचं अर्धं उत्तर हे आहे.

आमच्यासारख्यांना मग काय करावं लागतं, तर वर्षाचं कॅलेंडर आलं की सोमवारच्या सुट्ट्या बघून आधीच दोन-तीन बुकिंग टाकून ठेवायची, आणि आयत्या वेळच्या ट्रिपला जे उरलंय ते घ्यायचं, वेटलिस्ट लावायची. कधीकधी एक रात्र एका रिसॉर्टला आणि दुसरी दुसऱ्या रिसॉर्टला अशी जोडाजोड होते. ऐकायला मजा वाटते, पण दोन रात्रींत एकदा सामान आवरून रूम बदलायची म्हणजे शुद्ध वैताग, लहान मुलं असतील तर करूच नका.

रद्द करण्याचे नियम नीट वाचा, कारण जितक्या जास्त ट्रिपा तितक्या वेळा कोणालातरी ताप येणार. चेक-इनला ३० दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर पॉइंट जसेच्या तसे परत. ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर पॉइंट होल्डिंगमध्ये जातात, मग ते फक्त पुढच्या ६० दिवसांतल्या बुकिंगला चालतात आणि पुढच्या वर्षी नेता येत नाहीत. आठवड्यावाल्याची एक ट्रिप अशी अडकली तर त्याचं सगळं वर्ष गेलं, आमची एक अडकली तर दोन-तीन रात्रींचे पॉइंट अडकतात आणि गाडीच्या अंतरावर असल्यामुळे ६० दिवसांत कुठेतरी वापरूनही होतात. विमानाने येणाऱ्यांना हे जमणं अवघड.

यालाच जोडून यूझ इयर. तुमच्या पॉइंटचं वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होतं तो महिना, आणि त्यात जानेवारी, मे, जुलै, नोव्हेंबर नसतातच. पॉइंट उरले तर पुढच्या वर्षात बँक करता येतात, पण वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतच, आणि एकदा बँक केलेले पुन्हा बँक होत नाहीत. पुढच्या वर्षीचे उसनेही घेता येतात. त्यामुळे मोठी ट्रिप ज्या सीझनला करता त्याच्या थोडं आधी सुरू होणारं यूझ इयर बरं, म्हणजे ती रद्द झाली तरी बँक करायला वेळ हातात असतो. रीसेलच्या, म्हणजे जुन्या मेंबरने विकायला काढलेल्या काँट्रॅक्टच्या, जाहिरातींमध्ये लोक फक्त भाव बघतात आणि यूझ इयरकडे कोणी ढुंकून बघत नाही. दुसरं काँट्रॅक्ट घेताना तर तोच महिना बघून घ्या, वेगवेगळ्या महिन्यांची दोन काँट्रॅक्ट सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप.

आता मोठा प्रश्न, डिस्नीकडून डायरेक्ट घ्यायचं की रीसेल. डायरेक्टला नव्या मेंबरला कमीत कमी १५० पॉइंट घ्यावे लागतात आणि पॉइंटमागे भाव २०० डॉलरच्या वर. तेच साराटोगा स्प्रिंग्ज हे रिसॉर्ट रीसेलला घेतलं तर साधारण शंभराच्या आसपास मिळतं, म्हणजे निम्म्यात. रीसेलमध्ये तुमचं सगळं ठरल्यावर डिस्नीला तोच सौदा स्वतः घ्यायचा हक्क असतो, आरओएफआर म्हणतात त्याला, ते उत्तर येईपर्यंत काही आठवडे गप्प बसायचं. रीसेलवर बंधनंही आहेत. १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलला घेतलेल्या जुन्या १४ रिसॉर्टांच्या पॉइंटवर रिव्हिएरा, डिस्नीलँड हॉटेलच्या व्हिला आणि फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन बुक होत नाहीत, आणि रिव्हिएरा रीसेलला घेतलं तर ते पॉइंट फक्त रिव्हिएरालाच चालतात. डिस्नी क्रूझ वगैरेही नाही. मला विचाराल तर चौदा रिसॉर्ट पुष्कळ झाली, आणि क्रूझला पॉइंट वापरणं तसंही महागच पडतं.

पण वारंवार जाणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की तिथे हा निम्म्या भावाचा हिशोब हलतो, ती म्हणजे वार्षिक पास. रूमबरोबर पार्कचं तिकीट येत नाही हो, हे अजून कितीतरी लोकांना माहीत नसतं. वर्षातनं बऱ्याचदा जाणाऱ्याला पास लागतोच. फ्लोरिडाबाहेरच्या कोणालाही मिळतो तो सगळ्यात महाग इन्क्रेडी-पास, त्याच्या खालचा सॉर्सरर पास हा फ्लोरिडातल्या लोकांना आणि डीव्हीसी मेंबरांना मिळतो, पण मेंबर म्हणजे डायरेक्टवाले, नुसत्या रीसेलवाल्यांना नाही. दोन्हींत माणशी पाचशे डॉलरच्या आसपास फरक. चौघांचं कुटुंब असेल तर वर्षाला दोन हजार. सॉर्सररला थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या आसपासचे दिवस बंद असतात, पण त्या गर्दीत आम्हाला जायचंच नसतं. म्हणजे फ्लोरिडात राहत असाल तर बिनधास्त रीसेल घ्या, पास तुम्हाला तसाही मिळणार. बाहेर राहत असाल आणि सगळ्यांना दरवर्षी पास काढणार असाल तर कागद-पेन घेऊन बसा, डायरेक्टचा जास्तीचा पैसा काही वर्षांत पासमधनं निघू शकतो. आमच्याकडे पास फक्त एका माणसाचा असतो, बाकीच्यांची तिकिटं ट्रिपनुसार, आणि पोरांना घेऊन नुसतं रिसॉर्टवर पडून राहण्याच्या ट्रिपाही होतात, म्हणून आम्ही रीसेलच घेतलं.

कुठलं घेतलं तर साराटोगा, १०० पॉइंट. लोक नाक मुरडतात. पार्कला चालत जाता येत नाही, रिसॉर्ट अवाढव्य पसरलेलं, आत बसचे बरेच स्टॉप, तुमचा स्टॉप शेवटचा असेल तर बस आतल्या आत फिरूनच कंटाळा आणते. पण आमची गाडी असते, आणि डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचं साधं पार्किंग फुकट असतं. रिसॉर्टच्या काँग्रेस पार्क नावाच्या भागात रूम मिळाली तर डिस्नी स्प्रिंग्ज, म्हणजे दुकानं-रेस्टॉरंटांचा भाग, चालत. महत्त्वाचं म्हणजे मोठं असल्यामुळे उशिरा बघितलं तरी इथे काहीतरी शिल्लक सापडतं, आणि आयत्या वेळी ठरवणाऱ्याला हेच हवंय. काँट्रॅक्ट २०५४ पर्यंत.

विमानाने येत असाल आणि गाडी नसेल तर मात्र माझं मत एकदम वेगळं. मग चालत जाण्याचं रिसॉर्ट घ्या आणि ११ महिन्यांच्या खिडकीत बुक करा. बोर्डवॉक आणि बीच क्लब, दोन्हींपासून एपकॉटचा मागचा गेट पायी पाच-दहा मिनिटं, हॉलीवूड स्टुडिओजलाही चालत किंवा बोटीने. दोन्ही २०४२ ला संपतात, त्यामुळे पॉइंट स्वस्त मिळतात, आणि मुलं शाळेत असेपर्यंतच वापरायचं असेल तर तेवढी वर्षं पुरेत. बे लेक टॉवर मॅजिक किंगडमला चालत, २०६० पर्यंत, छोटी मुलं असतील तर यासारखं दुसरं नाही, दुपारी झोपवायला रूमवर आणता येतं. रिव्हिएराला स्कायलाइनरची गोंडोला (पार्कला नेणारी केबल कार) आहे आणि टॉवर स्टुडिओ नावाची दोघांपुरती चिमुकली रूम आहे. मुलं नसलेल्या जोडप्याला ती छान, पण बेड भिंतीतनं खाली ओढायचा, तो खाली आला की खोलीत चालायला जागा नाही.

आता पैसे. साराटोगाचा मेंटेनन्स, म्हणजे ड्यूज, पॉइंटमागे वर्षाला आठ-नऊ डॉलर धरा, आणि तो वाढतच जातो, कमी झालेला मी तरी पाहिला नाही. खरेदीचे शंभर डॉलर उरलेल्या वर्षांत वाटले तर पॉइंटमागे साडेतीन-चार. म्हणजे एक पॉइंट बारा-तेरा डॉलरला. गर्दी नसलेल्या सीझनला मधल्या वारी साधा स्टुडिओ दहा-बारा पॉइंट धरला तर रात्र पडते दीडशेच्या आसपास. तीच रूम डिस्नीकडून रोख घ्यायला गेलात तर दुप्पट-तिपटीहून जास्त. पण बाहेर साधं चांगलं हॉटेल शंभर-सव्वाशेला मिळतं, म्हणजे "स्वस्त" हा शब्द इथे वापरू नका, डिस्नीच्या आत राहायचंच असेल तरच हे स्वस्त. शुक्रवार-शनिवार धरले की पॉइंट भराभर उडतात, म्हणून आम्ही शक्यतो रविवारी दुपारी पोचतो. शंभर पॉइंटमध्ये वर्षाला अशा दोन-तीन छोट्या ट्रिपा बसतात. अगदी पंचवीस-पन्नास पॉइंटची काँट्रॅक्ट रीसेलला मिळतात, पण पॉइंटमागे भाव जास्त असतो, आणि क्लोजिंगचा, म्हणजे सौद्याच्या कागदपत्रांचा, खर्च पॉइंट कमी म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही.

काँट्रॅक्ट न घेता कुणाचे तरी पॉइंट भाड्याने घेऊन राहता येतं. दर साधारण वीस डॉलरच्या आसपास, आधी एकदा राहून बघायला उत्तम. पण बहुतेक वेळा रद्द केलं की पैसे गेले, त्यामुळे सतत जाणाऱ्यांना ते झेपत नाही.

रूममधली एक गोष्ट. सात रात्रींपर्यंतच्या मुक्कामात चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल एवढंच होतं, म्हणजे दोन-तीन रात्रीवाल्यांकडे साफसफाईला कोणी फिरकतच नाही. मला तेच आवडतं, पण ओल्या स्विमसूटांच्या ढिगात टॉवेल संपतात. स्टुडिओत मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज, टोस्टर, कॉफी मशीन एवढंच. मी भाजलेल्या रव्यात फोडणी घालून डबा नेते, मायक्रोवेव्हमध्ये पाणी गरम करून उपमा, आणि अर्धा तास आधी गेटवर असायचं असेल तर दुसरा कुठलाही नाश्ता वेळेत होत नाही. शेगडीसकट पूर्ण किचन वन-बेडरूमला, पण त्याचे पॉइंट जवळजवळ दुप्पट.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी थोडक्यात. तिथल्या डिस्नीलँडच्या ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलमधनं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्कमध्ये थेट दार आहे, पण व्हिला इतक्या कमी की होम रिसॉर्ट नसेल तर सात महिन्यांवर नशीबच लागतं. डिस्नीलँड हॉटेलच्या व्हिला २०२३ मध्ये उघडल्या, तिथे राहताना अ‍ॅनाहाइमचा हॉटेल टॅक्स प्रत्येक मुक्कामाला वेगळा भरावा लागतो, घेताना विचारा. आणि ऑरलँडोतल्या युनिव्हर्सलच्या पार्कांचे चाहते असाल, २०२५ च्या मे मध्ये एपिक युनिव्हर्स हा त्यांचा नवा पार्क उघडल्यापासून बरेच जण तिकडे वळलेत, तर त्यांचा स्वतःचा टाइमशेअर नाही. त्यांच्या प्रीमियर हॉटेलांत एक रात्र राहिलं तरी दोन्ही दिवस जुन्या दोन पार्कांचा एक्सप्रेस पास (छोट्या लाइनचा) मिळतो, एपिकचा नाही. तिकडच्या छोट्या ट्रिपला तेच करा, काँट्रॅक्टच्या भानगडीत पडू नका.

ज्यांना तारखा सात-आठ महिने आधी सांगताच येत नाहीत, किंवा जे फक्त ख्रिसमसलाच जाऊ शकतात, त्यांनी हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी आधी एकदा भाड्याच्या पॉइंटवर रविवार ते बुधवार राहून या, मग रीसेलवाल्यांना मेल करा, आणि पहिल्या मेलमध्येच यूझ इयर, या वर्षीचे किती पॉइंट शिल्लक आहेत आणि ड्यूज कोण भरणार हे विचारून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीपर्यंत रिकामं काँट्रॅक्ट घेऊन बसाल.